दुसऱ्या थराची माती

त्या हिवाळ्यात आमच्या घरात माणसं दोन होती आणि बाकी सगळी माती होती. ओसरीवर माती, खाटेखाली माती, देवाच्या फळीखालीही माती. जुन्या वर्तमानपत्रांवर पसरलेली, प्रत्येक ढिगावर चिठ्ठी खोचलेली. उन्हात वाळवायची नाही म्हणे, गुण बदलतात. सावलीतच वाळली पाहिजे. मी पापड-कुरडया वाळवणारी बाई, सावलीत वाळवणं म्हणजे काय कटकट असते ते मला विचारा. वारा आला की कागद उडत, कोंबडी आली की ढिगात पाय खुपसून आरामात बसे, आणि मी हातात काडी घेऊन दिवसभर हुश् हुश् करत फिरे. एका जागी बसणं मला जन्मात जमलं नाही, पण ते फिरणं काही फिरणं नव्हे.

आमचे हे सरकारच्या माती-तपासणीत नुकतेच लागले होते. पन्नास सालानंतरची ती वर्षं. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि हुकूम नागपूरहून सुटत. आर्वीच्या पलीकडे डोंगराची रांग लागते, वर सागाचं रान. त्या रानातली माती किती खोल आहे, कशी आहे, कुठं नवा साग लावावा आणि कुठं नुसतं गवत राहू द्यावं, हे ठरवायचं होतं. त्यासाठी डोंगरावर जागोजागी पुरुषभर खोल खड्डे खणायचे, खड्ड्याची एक बाजू खरवडून भिंतीसारखी सरळ करायची, आणि वरपासून खालपर्यंत एकेक थर पाहून त्याचा नमुना पिशवीत भरायचा. खणायला गावचे मजूर होते. हे सकाळी भाकर बांधून घेऊन जात आणि दिवस मावळताना केसांत, कानांत, खिशांत माती घेऊन परत येत. डोंगराखालच्या त्या गावात एका शेतकऱ्याच्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्यानं घेतला होता. घरमालकीण जुनी बाई होती, मी तिला मावशी म्हणत असे.

मी सिंदीकडच्या काळ्या शेतांत वाढलेली. आमच्याकडे मातीला चार नावं पुरतात. खोल, पावसात पाय धरून ठेवणारी ती काळी. तिच्याहून जरा हलकी, चुनखडीचे खडे असलेली ती मोरंड. त्याहून उथळ ती खरडी. आणि नुसता दगड-मुरूम असेल ती बरडी, तिच्यात तीळ पेरायचे आणि आभाळाला हात जोडायचे. डोंगरातली माती या चारांत कुठंच बसत नव्हती, आणि हेच यांच्या डोक्यात बसलं होतं. रात्रीच्या जेवणापर्यंत दुसरा विषय नाही.

म्हणायचे, 'वरती पालापाचोळा. त्याच्याखाली चार बोटं काळसर, भुरभुरीत, मुळांनी विणलेली. मंग दुसरा थर, हातभर, लालसर. ओला केला तर बोटाला चिकटते, वाळला की खडे पडतात. त्याच्याखाली मुरूम, मंग कुजका दगड. आन दगड कोणता? तोच, जो आपल्या सिंदीच्या काळ्या मातीखाली हाय. एका दगडाची दोन लेकरं, आन एकमेकांची वळख नाई.'

वरच्या कचेरीचं म्हणणं होतं, दगड एक तर जात एक, उगाच नवी नावं काढू नका. यांचं म्हणणं, उतारावरून पाणी वाहून जातं, चुना धुपून जातो, वर्षानुवर्षं पानं कुजतात, मग माती तीच कशी राहील? तेजाबाची एक बाटली होती यांच्याकडे. मोरंडीवर थेंब टाकला की फस् करून फेस यायचा. या लाल मातीवर टाकला की काही नाही, नुसती ओली व्हायची. 'पाह्य, चुना नाई,' असं म्हणत मला बळेच दाखवायचे. मी म्हणायची, 'पाह्यलं. आता हात धुवा आन जेवा.'

रंगांचं एक पुस्तक असतं, त्यात चौकटी चिकटवलेल्या असतात, माती शेजारी धरायची आणि रंगाचा नंबर लिहायचा. ते पुस्तक मोठ्या साहेबांकडे एकच होतं. म्हणून यांनी मला कामाला लावलं. 'अवं, हा रंग कोणता?' मी भाकर थापता थापता मान वळवून बघे. 'भाजल्या जवसाचा.' 'आन हा?' 'मोहफुलं जुनी झाली की होते तो.' हे तसंच लिहीत, मागाहून पुस्तकाशी ताडून पाहू म्हणत. ओल्या मातीचा रंग वेगळा लिहायचा आणि वाळल्या मातीचा वेगळा. एवढे लाल मी माझ्या लग्नाच्या बस्त्यातही पाहिले नव्हते.

आज हे हसत सांगते. तेव्हा माझ्या जिवाची नुसती तगमग चालली होती.

मला चौथा महिना लागला होता, आणि ही माझी पहिली खेप नव्हती. पहिल्या खेपेला मी सासरी होते. त्या वेळी मला भिंत खायचं वेड लागलं. कोठीच्या मागं भिंतीला पांढऱ्या मातीचा पोपडा सुटला होता. जाता-येता त्याचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय मला चैन पडेना. पाऊस येऊन भिंत ओलावली की त्या वासानं तोंडाला पाणी सुटे. लाज वाटायची, पण लाजेनं काही थांबत नव्हतं. एक दिवस आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाहिलं. 'भीत खाऊ नोको,' एवढंच बोलल्या. कडुलिंबाचा पाला वाटला, शेणात कालवला, आणि मला समोर उभं करून माझा हात पोहोचेल तिथवरच्या सगळ्या भिंती सारवून काढल्या. मग मी चुलीमागची माती उकरली. आठव्या महिन्यात पोटातलं हलेनासं झालं. मुलगा होता. सुईणीनं एकदा तोंड दाखवलं आणि गुंडाळून नेला. आत्याबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, 'म्या सांगतलं होतं. इनं भीत नाई खाल्ली, लेकराचा जीव खाल्ला.'

पायात काटा मोडून आत राहावा तसं ते माझ्यात राहिलं. मी उलट बोलणारी बाई, पण त्या दिवशी उलट बोलले नाही, कारण मलाही तेच खरं वाटत होतं.

म्हणून या खेपेला मी हट्टानं यांच्यामागं डोंगराखाली आले. मनाशी पक्कं केलं होतं, सासरच्या भिंती डोळ्यांसमोर नकोत आणि मातीचा वास नाकाशी नको. आणि माझं कर्म बघा, नवऱ्यानं घरभर मातीच मांडून ठेवली.

वाळलेले खडे लाकडी मोगरीनं फोडायचे आणि चाळणीनं चाळायचे, हे काम आपसूक माझ्याकडे आलं होतं. हे एकटे कुठं कुठं पुरणार? काळसर वरची माती फोडताना मला काही होत नसे, तिला पाल्याचा कडवट वास. मुरमाला तर वासच नाही. पण मोहाच्या झाडाखालच्या खड्ड्याची, त्या दुसऱ्या थराची पिशवी सोडली, मोगरी मारली, आणि असा वास आला की माझा हात थांबला. मी उठले. अंगणात गेले, विहिरीवर गेले, उगाच दोन घागरी भरून आणल्या. परत येऊन बसले. वास तिथंच होता. चिंचोक्याएवढा खडा उचलून दाढेखाली धरला आणि डोळे मिटले. काय सांगू, अंगात इतकं बरं वाटलं की मला रडू आलं.

त्यानंतर रोजचं झालं. खडा खायचा आणि लगेच पोटावर हात ठेवून बसायचं. हललं की जीव भांड्यात पडायचा. हललं म्हणून मग आणखी एक खडा. नाही हललं तर मी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायची, देवाला नाही नाही ते बोलायची, 'परत असं करणार नाई' म्हणायची, आणि दुपारी पुन्हा पिशवीशी. स्वतःचा इतका राग आयुष्यात मला कधी आला नाही.

एका संध्याकाळी यांनी पिशवी उचलली आणि हातात तोलली. 'मोहाखालचा दुसरा थर कुठी गेला?'

'पोटात,' मी म्हटलं. खोटं बोलायची ताकद नव्हती आणि गरजही वाटली नाही.

आधी हसले. त्यांना वाटलं थट्टा करते आहे. मग माझ्या ओठांकडे पाहिलं आणि हसू गेलं. 'अवं, मागच्या वेळी काय झालं ते विसरली का तू?'

'मी विसरली? मी?' मी ओरडले आणि हातातली चाळणी भिंतीवर फेकून मारली. तिचा काठ वाकला तो वाकलाच. यांनी त्या खड्ड्याच्या सगळ्या पिशव्या पत्र्याच्या पेटीत भरल्या, कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. मी म्हटलं, 'या घरात सोनं कोणी कुलुपात ठेवत नाई, ठेवाले सोनंच नाई. आन तुमी माती ठेवून राह्यले.' पुढं कितीतरी दिवस आमचं बोलणं 'भाकर वाढू का' आणि 'वाढ' एवढंच.

घरात भांडण झालं आणि मालकिणीला कळलं नाही असं गावात होत नसतं. मावशीनं सगळं काढून घेतलं. तिला माझ्या पहिल्या खेपेचं माहीत नव्हतं. तिच्या लेखी हे साधे डोहाळे होते. म्हणाली, 'माणसाले काय समजते यातलं. डोहाळे पुरवले नाई तर लेकराचे कान फुटतेत.' आणि संक्रांतीला तिनं हळदीकुंकवाला बाया बोलावल्या तेव्हा तीळगूळ देऊन झाल्यावर एकेकीनं पदराची गाठ सोडली. मी पाहतच राहिले. एकीनं वारुळाची माती आणलेली, एकीनं चुलीत भाजलेले खडे, एकीनं ओढ्याकाठचा गाळ वाळवून आणलेला. प्रत्येकीचं म्हणणं आपली माती काय गोड, आपण प्रत्येक बाळंतपणात हीच खाल्ली. मी सगळ्या चाखल्या आणि सगळ्या बाजूला सारल्या.

'हे मोठी चोखंदळ हाय बाप्पा,' मावशी म्हणाली. 'मंग तुले पायजे तरी कोणती?'

दाराशी मोळी विकणाऱ्या दोघी गोंड बाया तीळगुळासाठी थांबल्या होत्या. मी सांगितलं, डोंगरावर मोहाखाली यांनी खड्डा खणला आहे, त्याची वरून दुसरी, लाल. त्यातली मोठी दुसरीला आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी चिडून विचारलं, 'काऊन हसता वं?' मोठी पदरानं डोळे पुसत म्हणाली, 'काई नाई बाई. म्हनलं, सायेब खनते आन बायको खाते.' मग मलाही हसू फुटलं. त्या हिवाळ्यात मी मनापासून हसले असेन तर तेवढंच.

तेव्हापासून ती मोळी टाकायला आली की लाकडांत खुपसलेला लाल मातीचा एक डिखळा माझ्या हातात देई. ती कुठून काढते हे मी विचारलं नाही, आणि खड्ड्याची ती एक बाजू आमचे हे कोणाला शिवू देत नाहीत हे तिला कोण सांगणार? मोठे साहेब नागपूरहून तपासणीला येणार होते. मोहाखालचा खड्डा यांचा सगळ्यांत चांगला, थर रेघेसारखे स्पष्ट. दगड एक असूनही माती वेगळी हे यांना त्याच खड्ड्यात साहेबांना दाखवायचं होतं. साहेबांना पटलं तर पटलं, नाहीतर सगळा हिवाळा पाण्यात. हे मला माहीत होतं, पण माझं डोकं तिकडे नव्हतंच.

माघ लागला तशी माझी दशा वाईट झाली. विहिरीवरून घागर आणताना दोनदा टेकावं लागे. छातीत धडधड, कानात घूं घूं, पाय संध्याकाळी सुजून येत. मला वाटे, ही भीतीच आहे, सातवा उलटेल आणि मग आठवा येईल. झोपेत दचकून उठे. कुणी हळू बोललं तरी अंगावर धावून जाई. आणि त्यातच मोळीवाली यायची थांबली. तिच्या भावाकडे लग्न होतं, पलीकडच्या डोंगरात. एक दिवस काढला, दुसरा काढला. तिसऱ्या सकाळी हे साहेबांना घ्यायला म्हणून आर्वीच्या रस्त्याला गेले, आणि मी मावशीला 'येते' म्हणून सांगून डोंगराची वाट धरली.

ती चढण मी कशी चढले ते माझं मला माहीत. धावड्याच्या बुंध्याला टेकायचं, श्वास घ्यायचा, पुढच्या सागापर्यंत जायचं, पुन्हा टेकायचं. पायांखाली सागाची वाळकी पानं इतकी वाजत होती की सगळं रान माझ्याकडे पाहतंय असं वाटे. डोळ्यांपुढं काळं येई, मग जाई. मी पोटाशी बोलत होते, 'थांब, आलंच.' मोह दिसला तेव्हा मी जवळजवळ रांगत होते.

खड्ड्यात उतरायला एका अंगानं पायऱ्या कोरल्या होत्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले आणि समोर पाहिलं. सकाळचं ऊन सरळ त्या भिंतीवर पडलं होतं. वर काळसर पट्टा जसाच्या तसा, खाली मुरूम जसाच्या तसा, आणि मधला लाल थर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आत कोरून नेलेला, बोटांच्या खुणांसकट. मोळीवालीनं कसूर ठेवली नव्हती. मी उरलेल्यातला एक खडा काढला आणि दाढेखाली धरला. मग माणसांचे आवाज आले.

खड्ड्याच्या काठावर आधी साहेबांचे बूट दिसले, मग पिकल्या मिशांचे साहेब, मग हे. साहेबांनी कोरलेल्या भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या पोटाकडे, माझ्या तोंडाकडे. यांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं असणार. खड्डा तयारच होता.

'हे कोणी केलं?' साहेबांनी विचारलं.

'मोळीवालीनं,' मी म्हटलं. 'माह्यासाठी. आज मी सोता आली.'

'कशासाठी?'

'खाले.'

हे काहीतरी सावरून बोलायला लागले, घरी तब्येत बरी नसते, चुकून आली. साहेबांनी हातानंच थांबवलं. दोन पायऱ्या उतरून त्यांनी मला उठायला हात दिला. मी हात दिला. त्यांनी तो सोडला नाही. उलटा केला, तळवा उन्हात धरला, शेजारी आपला तळवा धरला. माझा तळवा तांदळाच्या पिठासारखा पांढरा होता. रेघासुद्धा पांढऱ्या.

साहेब यांच्याकडे वळून म्हणाले, 'तुम्ही मला लालाचे प्रकार लिहून पाठवता. भाजलं जवस काय, जुनं मोहफूल काय. मी वाचतो ते. हा हात कधी पाहिलात का?'

यांनी खाली उतरून माझा दुसरा हात घेतला आणि पाहिला. मी यांच्याशी भांडायला तोंड उघडलं होतं, पण यांचा चेहरा बघून मिटलं. मी साहेबांनाच विचारलं. आयुष्यभर दुसऱ्या कुणाला विचारायचं धाडस झालं नव्हतं ते त्या परक्या माणसाला विचारलं. 'सायेब, मी मारून राह्यली का याले? माती खाऊन?'

'मी मातीचा माणूस आहे, बाई, डॉक्टर नाही,' ते म्हणाले. तपासणी तिथंच थांबली. मला दोघांनी धरून खाली आणलं आणि त्यांच्याच जीपमधून वर्ध्याच्या दवाखान्यात पोहोचवलं. वाटेत खड्ड्याखळग्यांनी जीप हादरली की हे माझ्या पोटाला दोन्ही हात लावत, जसं काही त्यानं हादरा कमी होणार होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, बारीक अंगाच्या, घाईत बोलणाऱ्या. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं पाहिली. रक्त तपासायला पाठवलं. मी त्यांनाही तेच विचारलं. 'मातीनं लेकरू मरते का?'

'माती खाऊ नये. जंत होतात, बाकी काय काय होतं,' त्या म्हणाल्या. 'पण तुम्ही उलटं धरून बसला आहात. तुमच्या अंगात रक्त नाही, म्हणून माती खावीशी वाटते. पुष्कळ बायांना वाटते. पहिल्या वेळीही खात होता?'

'भीत खात होती.'

'कितव्यात गेलं?'

'आठव्यात.'

त्यांनी पेन खाली ठेवलं. 'तेव्हाही रक्त नव्हतं. तुम्हालाच नाही, तर बाळाला कुठून मिळणार? कोणी दाखवलं असतं तर,' एवढं बोलून त्या पेन उचलून गोळ्या लिहायला लागल्या.

मी रडले नाही. मला संताप आला, नुसता संताप, आणि कुणावर करावा ते कळेना. इतकी वर्षं मी ज्याला मारलं म्हणून स्वतःला खात होते, त्याला मी मारलंच नव्हतं. मग त्या इतक्या दिवसांचं काय करायचं? ते कोण परत देणार?

मला तिथंच ठेवून घेतलं. गोळ्या आणि सुया. गोळ्यांनी पोट जड व्हायचं, सुयांनी बसता यायचं नाही. खाटेवर पडून राहायचं म्हणजे मला फाशीच. मी शेजारणीच्या उशा झटकून दे, पाणी भरून दे, असं करत फिरायची आणि बोलणी खायची. पण हळूहळू कानातली घूं घूं थांबली. जिना चढताना टेकावं लागेना. एक दिवस आरशात माझे ओठ मला ओळखू आले.

हे डोंगरावरून मोटारीनं येत, एकदा आले ते खांद्याला पिशवी घेऊन. इकडं तिकडं पाहून चोरासारखी माझ्या हातात दिली. पेटीचं कुलूप काढून आणली होती. म्हणाले, 'थोडीच खाजो. मले राह्यवलं नाई.' माझ्या मनात यांच्याविषयी जे काय साठलं होतं ते त्या एका पिशवीनं विरघळलं. मी खडा तोंडात टाकला. कचकच. दाताखाली रेती आल्यासारखं झालं. मी थुंकले.

'हा दुसरा थर नाई. तुमी मुरूम उचलून आणला.'

'अवं, मोहाखालचाच हाय. नव्यानं बाजू खरवडली, साहेब पाहून गेले, वेगळी जात म्हणून लिहून घेतली त्यायनं. चिठ्ठी पाह्य.'

चिठ्ठी पाहिली. वास घेतला. नुसती माती. मग आम्हा दोघांनाही एकदमच कळलं, माती तीच होती, माझी ओढच गेली होती, आणि हे इतक्या मोठ्यानं हसले की नर्स येऊन रागावून गेली.

वैशाखात मुलगी झाली. रडली. मी त्या रडण्याची इतकी वाट पाहिली होती की ती गप्प होऊ नये असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई सिंदीहून रेल्वेनं आल्या. डिंकाचे लाडू घेऊन, डोक्यावरून पदर, चेहरा नेहमीसारखा बंद. बाळाकडे पाहिलं, बोटानं हनुवटी वर केली, आणि स्टुलावर बसल्या. मी आठवडेच्या आठवडे या घटकेसाठी शब्द जमवून ठेवले होते.

'या टाइमाले नाई ना खाल्ली?' त्यांनी विचारलं.

'खाल्ली. टोपलंभर खाल्ली,' मी म्हटलं, आणि मग मी थांबले नाही. पापणी कशी पाहिली, तळवा कसा पांढरा होता, रक्त नव्हतं म्हणून मातीची ओढ लागते, मातीमुळं रक्त जात नाही, सगळं सांगितलं. माझा आवाज चढत गेला. शेजारच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या. 'म्या नाई मारलं त्याले, आत्याबाई. तुमी दारात उभ्या राहून बोलल्या, ते म्या आजपर्यंत खरं धरलं.'

आता त्या उठून उभ्या राहतील, पदर खोचतील, आणि मग होऊन जाऊ दे, अशी मी तयारच होते. त्या उठल्या नाहीत.

'माह्या सासूनं भितीले मिरची फासली होती,' त्या म्हणाल्या.

मला आधी अर्थच लागला नाही.

'तोंड जळे. तरी चाटत जाव मी. सुटेच ना.' त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. 'तुह्या नवऱ्याच्या आधी माहे तीन गेले. कोनाले सांगतलं नाई कधी. तुले पाह्यलं भीत खाताना, आन माहा जीवच उडाला. म्हनून लिंब लावला.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'मंग, म्याबी नाई मारले?'

मी जमवलेले सगळे शब्द कुठं गेले कोण जाणे. 'नाई, आत्याबाई,' मी म्हटलं.

'तुह्यावर नाई इस्वास,' त्या म्हणाल्या. 'डागतरनीले इचारून ये.'

मला खाटेवरून उतरायची मनाई होती. मी मुलीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंना शोधायला निघाले.